दोन्ही टोकांना एकच नंबर

बुधवार, ६ एप्रिल २०१६

ही डायरी टाइल्सवाल्यानं फुकट दिली होती. जानेवारीपासून ती रत्नमालाच्या मिक्सरखाली टेकू म्हणून होती. आज काढून घेतली. मिक्सर तिरका झाला, बायकोही झाली.

काम मिळालं म्हणून लिहायला बसलो. वाळूजला ठिबकच्या नळ्या करणारी एक कंपनी आहे. पाऊस जितका कमी तितकी यांची विक्री जास्त. सगळा जिल्हा टँकरकडं डोळे लावून बसलाय आणि यांच्या गेटवर ट्रक मावत नाहीत. तिथले ऑफिस मॅनेजर नानासाहेब. त्यांनी मला एका कोंदट खोलीत नेलं आणि लोखंडी कपाट उघडलं. आमच्या धंद्यात त्याला रॅक म्हणतात. आत गोसाव्याच्या जटा. निळ्या, करड्या, पिवळ्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या, एकीवरही नाव नाही की नंबर नाही.

"ह्यातली माझी कोणती?" नानासाहेबांनी विचारलं.

"देवाला माहीत."

"देवाला कंत्राट देता येत नाही, अंगदराव. म्हणून तुम्हाला बोलावलं."

काम असं. ऑफिसात जागोजागी भिंतीला खाचा आहेत, त्यांत कॉम्प्युटरची वायर बसते. प्रत्येक खाचेतून एक वायर भिंतीतून, छतातून फिरत या रॅकमध्ये येते. कोणत्या खाचेची कोणती वायर हे शोधायचं आणि दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवायचा. ज्या मेल्यात त्या कापून काढायच्या. एक मेच्या सुट्टीला जुना रॅक जाणार, नवा बसणार. दोन तारखेला ऑफिस उघडल्यावर काही बदललंय हे कुणाला कळताही कामा नये. हे नीट पार पडलं तर बिडकीनला त्यांची नवी इमारत उभी राहतेय, तिथली सगळी वायरिंग आपली.

गोकुळला लगेच फोन लावला. गोकुळ माझा मेव्हणा, रत्नमालाचा धाकटा भाऊ, वय चाळिशीचं. माझ्या शब्दावर त्यानं मागच्या दिवाळीत कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडली. बिडकीनचं काम आलं की त्याला बरोबरीचा भागीदार करतो असं मी सांगून बसलोय. नाही आलं तर त्याच्या बायकोला तोंड दाखवायचं मी. फोनवर तो काय बोलला ते समजलं नाही. टॉवर पार बसलेत आजकाल.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा

गुढी उभारली, पुरण करपलं. रत्नमाला डाळ कुकरला लावून शेजारी गेली. जाताना सांगितलं, शिट्ट्या मोजा आणि बंद करा. मी गॅससमोर स्टूल टाकून बसलो. एक शिट्टी झाली नाही. वाफ तेवढी फसाफसा. ती धावत आली तेव्हा डाळीचा कोळसा.

"शेजारी बसून मला ऐकू आल्या," ती म्हणाली.

"शेजारच्या कुकरच्या असतील."

तिनं कुकर घासायला टाकला. उद्या नवीन शिट्टी आणतो.

पडेगावात घर बांधलं तेव्हा मागच्या लिंबावर सकाळी पाखरांचा एवढा कालवा असायचा की झोपमोड व्हायची. आता दोन-तीन वर्षं एक आवाज नाही. दुष्काळानं पाखरंसुद्धा देशोधडीला लावली. चहा पिताना वाईट वाटतं. रत्नमाला तरी हट्टानं गच्चीवर मडक्यात पाणी ठेवते. टँकरचं पाणी, तेही कुणासाठी, म्हणून विचारलं तर माझ्याकडं नुसती बघत राहिली.

सोमवार, ११ एप्रिल

नंबर भिंतीच्या क्रमानं टाकायचे असं मी आणि गोकुळनं ठरवलं होतं. दारापासून सुरुवात. दाराशी साळूबाईंचं चहाचं टेबल. साळूबाई चहा करतात, झाडतात आणि फावल्या वेळात ऑफिस चालवतात. त्यांच्या टेबलामागं एक जुनी खाच निघाली, तिथं मी एक नंबर चिकटवला. नानासाहेब तिथून चालले होते, ते थांबले.

"एक नंबर चहाला?"

"भिंतीचा नंबर आहे, नानासाहेब. माणसाचा नाही."

"लोक भिंत वाचत नसतात."

एक नंबर त्यांच्या केबिनला गेला. मग दोन नंबर अकाउंटच्या काकासाहेबांना. ते खुर्चीतून उठले. "अहो, ऑडिटर येतो इथं. रॅक उघडून बघेल तर लिहिलेलं काय, अकाउंट, दोन नंबर?"

"खरं लिव्हलेलं कुणालाबी आवडत नाय," साळूबाई म्हणाल्या. म्हणाल्या असं गोकुळनं मला नंतर सांगितलं. बाई पदर तोंडावर घेऊन बोलतात, कुणाला काय कळणार. या उन्हाळ्यात सगळं शहरच तसं झालंय. जो तो धुळीसाठी, उन्हासाठी तोंडाला रुमाल गुंडाळून फिरतो आणि आतल्या आत पुटपुटतो.

दोन नंबर शेवटी संडासाशेजारच्या रिकाम्या खाचेला दिला. तिथं कुणाची हरकत नव्हती.

त्यात कूलरला पाणी नाही म्हणून अर्धं ऑफिस टेबलं ओढत नानासाहेबांच्या एसीच्या दाराशी येऊन बसलंय. माणूस इथं, खाच तिथं, मधे जमिनीवरून लांबण लावलेली वायर. दिवसभर लंगडी घालत चाललोय.

बुधवार, १३ एप्रिल

कामाची रीत लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचायला बरं.

आमच्याकडं ट्रॅकर नावाचं यंत्र असतं. त्याचे दोन तुकडे. एक गोकुळ भिंतीच्या खाचेत लावतो, तो वायरीत आवाज सोडतो. दुसरा पेनासारखा माझ्या हातात. मी रॅकशी उभा राहून तो एकेका वायरीवर टेकवतो. बरोबर वायर आली की पेन चिरचिर ओरडतं. शेजारच्या वायरीही जरा जरा ओरडतात, आवाज झिरपतो त्यांच्यात. सगळ्यात मोठ्यानं ओरडते ती आपली. हा फरक कानानं ओळखायचा असतो.

हे मला शिकवावं लागलं नाही. माझे वडील सोनाजी मेंढरं राखायचे. दिवस मावळताना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं सोडली की एकच गलका. हे कोकरू कुणाचं, ती मेंढी कुणाची, वडील डोळे मिटून सांगायचे. आवाजावर आवाज जुळवायचा, की झालं. मीही सांगायचो, सात-आठ वर्षांचा असताना. वायरीचं तेच आहे, फक्त वायर लेंड्या टाकत नाही.

गोकुळकडं दिव्यांचा टेस्टर आहे. दोन्ही टोकांना डबी लावायची, दिवे पेटले की बरोबर. वेळखाऊ काम. मी त्याला म्हणालो, दिवे बघून काम करायला दिवाळी आहे का? तो म्हणाला, "राहू द्या दाजी, माझ्या समाधानासाठी." गुणी आहे, पण कान नाही त्याला.

या यंत्राचा आवाज मात्र फार बारीक झालाय. बॅटरी बदलली. परत तसंच. चिनी माल.

शुक्रवार, १५ एप्रिल

काल जयंतीची सुट्टी. मिरवणुकीतला डीजे छातीत धडधडत होता, घरात बसून ताल धरता येत होता. कान खणखणीत आहेत. यंत्रच बिघडलंय, हे आता नक्की झालं.

सोमवार, १८ एप्रिल

काहीतरी शिजतंय.

आज सकाळी रॅक उघडला तर शनिवारी मी चिकटवलेली लेबलं तशी नव्हती. माझा इंग्रजी सात मी ओळखतो, मधे आडवी रेघ असते. काही वायरींवर बिनरेघेचे सात, म्हणजे गोकुळचं अक्षर. जिथं माझा चौदा होता तिथं त्याचा सतरा. आणि एका लांबड्या करड्या वायरीला मी स्वतः "मेली" म्हणून चिठ्ठी लावली होती, तिच्यावर आता "काटा" लिहिलेलं. काटा म्हणजे गेटवरचा वजनकाटा, जिथं ट्रक तोलतात. ती वायर मी स्वतः ऐकली होती. पूर्ण मुकी.

गोकुळला विचारलं. तो खाली बघून वायर सोलत होता.

"शाई पुसली होती दाजी. परत लिहिली."

"पुसली तर चौदाचा सतरा होतो?"

"घाईत झालं असेल."

घाईत चूक करणारा माणूस नाही तो. लग्नात अक्षतासुद्धा नेम धरून टाकत होता.

गुरुवार, २१ एप्रिल

आज कळलं.

मी रॅकच्या खोलीतून बाहेर आलो तर समोर नानासाहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये गोकुळ उभा. दार बंद, एसी सुरू. पण माझ्या कानांना काच काय करणार? बारा वर्षं मी वाळूजला प्रेस शॉपमध्ये काढलीत. पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी माणूस काय बोलतो ते फक्त त्याच्या तोंडाकडं बघितलं की मला कळायचं, बाकीचे खुणा करत बसायचे. आजही मी काचेबाहेर उभा राहून सगळं ऐकलं, शब्दन् शब्द.

गोकुळ म्हणाला, "दाजींना यातलं काही कळू देऊ नका. मी सगळं बघतो."

नानासाहेब म्हणाले, "आणि बिडकीनचं?"

"तेपण मीच बघणार. फक्त आत्ता गप्प राहा."

मग नानासाहेबांनी मान वळवली, पुढचं ऐकू आलं नाही.

घरचा माणूस. माझ्या ताटात जेवणारा. माझे नंबर उलटेपालटे करायचे, एक तारखेला माझा बट्ट्याबोळ होऊ द्यायचा, आणि बिडकीन स्वतःच्या खिशात घालायचं. मी म्हणतो भागीदारी मागून घ्यायची होती. मी देतच होतो.

शनिवार, २३ एप्रिल

गोकुळला काढून टाकला.

ऑफिसातच बोललो. बोललो म्हणजे ओरडलो असं काकासाहेब म्हणतात. त्याला सांगितलं, काचेतलं सगळं ऐकलंय मी. त्याचा चेहरा उतरला, तोच पुरावा झाला. म्हणाला, "दाजी, मला दोन मिनिटं बोलू द्या, बाहेर चला." मी म्हणालो, जे काय ते इथं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, सगळं ऑफिस कान देऊन बसलेलं. मग त्यानं टेस्टरची डबी खिशात घातली आणि म्हणाला, "काट्याची वायर तेवढी कापू नका. बाकी तुमची मर्जी."

जातानाही पाचर मारून गेला.

घरी सांगितलं. रत्नमाला माझ्याकडं पाठ करून भाकरी थापत राहिली. तासभर एक शब्द बोलली नाही. मग एकदम वळली आणि म्हणाली, "एवढं बोलले, त्यातलं एकतरी ऐकलंत का?" मी म्हणालो, बोललीस कधी? तिनं पीठ तसंच टाकलं आणि गच्चीवर गेली.

बुधवार, २७ एप्रिल

एकटा काम करतोय. ट्रॅकरचा तुकडा खाचेत लावायचा, रॅककडं जायचं, पेन फिरवायचं, परत खाचेकडं. लंगडी घालत. साळूबाईंना दया आली असावी, त्या मधेच चहा आणून देतात.

आज त्यांनी पदर बाजूला केला आणि तोंडाजवळ येऊन म्हणाल्या, "अंगदभाऊ, ते यंत्र वरडतंय की. तुम्ही तिथून फुडं कशापायी जाताव?"

मी म्हणालो, साळूबाई, सगळ्याच वायरी थोड्या थोड्या ओरडतात, त्यातली मोठी ओळखायची असते. ते शास्त्र आहे.

"आसंल," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटलं लईच वरडली ती."

गोकुळची सगळी लेबलं फाडली आणि माझी लावली. त्या करड्या वायरीवर शेवटचा एकदा पेन टेकवला. मुकी. तिच्यावर कापायची खूण केली. एक तारखेला सगळ्यात आधी हिचाच नंबर. मन हलकं झालं.

रविवार, १ मे

फत्ते. आधी ती करडी वायर शांतपणे कापली, दोन्हीकडून खेचून बाहेर काढली, गुंडाळी करून कोपऱ्यात टाकली. जुना रॅक निघाला, नवा बसला. नव्या रॅकमध्ये दोन खोके. वरचं ऑफिसच्या कॉम्प्युटरांचं, खालचं कॅमेऱ्यांचं आणि गेटचं. नंबर बघून वायरी वाटून लावल्या. सगळे हिरवे दिवे लुकलुकले. असं वाटलं की फोटो काढून गोकुळला पाठवावा. काढला. पाठवला नाही.

सोमवार, २ मे

पाठवला नाही ते बरं झालं.

नानासाहेबांच्या कॉम्प्युटरची वायर कॅमेऱ्यांच्या खोक्यात निघाली. एक नंबरचा साहेब सकाळपासून कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसलेला. काकासाहेबांचं प्रिंट दुसऱ्याच विभागात निघत होतं. आणि गेटवर काटा बंद. वजन ऑफिसला पोहोचत नाही तोवर ट्रकला पावती मिळत नाही, पावती नाही तर ट्रक हलत नाही. ट्रकांची रांग गेटबाहेर, रस्त्यावर, पार चौकापर्यंत. ड्रायव्हर ट्रकखाली सावलीला चादरी टाकून झोपले. एकानं तर स्टोव्ह पेटवून पिठलं टाकलं.

नानासाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अंगदराव, त्या नळ्यांची शेतकरी वाट बघतायत. बागा जळायला लागल्यात. तुमच्या भांडणात आमचे ट्रक कशाला उभे करता?"

"यंत्र बिघडलंय, नानासाहेब. आजच दुरुस्त करून आणतो."

"गोकुळ असताना बरं बिघडत नव्हतं." मग म्हणाले, "काट्याची तेवढी आज काहीही करा. बाकीला शनिवारपर्यंत वेळ देतो. शनिवारनंतर बिडकीनचं नाव काढू नका."

काट्यासाठी दुसरी वायर जमिनीवरून, उघड्यावरून नेली आणि वर गोणपाट टाकलं. संध्याकाळी ट्रक हलले. पहिल्याच ट्रकनं गोणपाटावर चाक घातलं. अजून तरी टिकली आहे.

मंगळवार, ३ मे

ट्रॅकर घेऊन पैठण गेटला चाचांकडं गेलो. चाचांचं दुकान म्हणजे चार फुटांचा खोका, पण शहरातली निम्मी यंत्रं त्यांच्या हातून जिवंत झालीत. दुकानासमोर मोबाइल दुरुस्तीला आलेल्यांची गर्दी.

"चाचा, इसका गला बैठ गया है," मी सांगितलं.

चाचांनी वायरीचा एक तुकडा जोडला आणि पेन टेकवलं. मी वाट बघत उभा राहिलो. माझ्या शेजारच्या बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मागच्या पोराच्या कपाळाला आठ्या. पायरीखाली झोपलेलं कुत्रं उठून रस्ता ओलांडून गेलं. एक जण पुढं आला, त्याच्या तोंडाकडं मी बघितलं, तो म्हणत होता, "अरे बंद करो भाई, दिमाग में घुस रहा है."

चाचांनी पेन उचललं. सगळ्यांचे हात खाली आले.

"मशीन तो एकदम चकाचक है, अंगदभाई."

चाचांचं हे बोलणं मला नीट कळलं, कारण मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मशीनला तोंड नसतं.

पैसे विचारले तर म्हणाले, काम काय केलंय पैसे घ्यायला. ट्रॅकर पिशवीत टाकला. आज एवढंच.

बुधवार, ४ मे

बजाजनगरला गोकुळच्या घरी गेलो. प्रेरणानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दार उघडलं आणि पाणी दिलं, अर्धा पेला. टंचाईमुळं की रागामुळं ते कळलं नाही. गोकुळ समोर बसला.

"ट्रॅकर बिघडलाय म्हणे, दाजी."

"चाचांनी तपासला. ठीक आहे."

मी पेल्याकडं बघत विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

उत्तर आलं की नाही ते कळेना, म्हणून वर बघितलं. तो थांबला होता, मी वर बघण्याची वाट बघत. मग बोलला.

"तुम्ही फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर न्यायला लागलात तेव्हापासून. ताईला त्याच्याही आधीपासून."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं की. एकदा तुम्ही म्हणालात टॉवर खराब आहे. एकदा म्हणालात यंत्र चिनी आहे. तिसऱ्यांदा मी मागून बोललो, ते तर तुमच्यापर्यंत पोचलंच नाही."

"आणि नानासाहेबांना काय सांगत होतास?"

"ऐकलं होतं ना तुम्ही काचेतून."

"अर्धं."

"त्यांना नंबर चुकलेले दिसले होते. म्हणलं, मी रोज तुम्ही गेल्यावर दिव्यांवर तपासून दुरुस्त करतो. दाजींना कळू देऊ नका. काम गेलं तर दुसरं मिळंल, कान गेले हे कळलं तर माणूस बसून राहील. बिडकीनलाही तसंच करणार होतो. रोज तुमच्यामागं फिरायचं आणि लेबलं बदलायची."

"जन्मभर?"

"भागीदारी म्हणजे असंच काहीतरी असतं, असं वाटलं मला."

स्वयंपाकघरातून प्रेरणा काहीतरी बोलली. गोकुळ कपाळाला हात लावून हसला. "ती म्हणते, दाजींना आधी चुकलो म्हणू द्या. तेवढं मोठ्यानं, ती आत आहे."

मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं की शेजारचा माणूस दार उघडून बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. माझा आवाज किती मोठा आहे हेही आता मला दुसऱ्यानं सांगायला पाहिजे.

गोकुळनं दोन अटी घातल्या. दिवे बघूनच नंबर टाकायचे. आणि भिंतीच्या क्रमानं. मग प्रेरणानं चहा दिला. पूर्ण कप.

शनिवार, ७ मे

झालं. गोकुळ खाचेशी डबी लावायचा, मी रॅकमध्ये दिवे बघायचो आणि हात वर करायचो. बोलायची गरजच नाही. प्रेस शॉपमध्ये आम्ही असंच काम करायचो, तेव्हा मला कुणी बहिरा म्हणत नव्हतं. काट्याला जमिनीखालून नवी वायर टाकली. गोणपाट वॉचमननं मागून घेतलं.

एक नंबर चहाच्या टेबलाला गेला. नानासाहेब एकोणीस. ते लेबलाकडं बराच वेळ बघत राहिले.

"एकोणीस," ते म्हणाले.

"तुमची वायर आता तुमच्याच खोक्यात आहे, साहेब," गोकुळ म्हणाला. "एक नंबर पाहिजे असंल तर साळूबाईंना विचारा, त्या जागा बदलतील."

"म्या नाय बदलणार," साळूबाई म्हणाल्या. पदर खाली घेऊन, माझ्याकडं तोंड करून. आता सगळं ऑफिस माझ्याकडं तोंड करून बोलतं. मिरवणुकीतल्या देवासारखं वाटतं.

बिडकीनच्या कामाचं विचारायची हिंमत झाली नाही. नानासाहेबांनीच काढलं. कोटेशन द्या म्हणाले, पण गोकुळच्या सहीनं. "अंगदराव, तुम्हीही या. एवढ्या लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवायला कुणीतरी लागतंच."

लागलं जरा. मग विचार केला, हेच काम मी आयुष्यभर फुकट करत आलोय.

दुकानाची पाटी रंगवायला टाकली. आधी गोकुळचं नाव, मग माझं. भिंतीच्या क्रमानं, असं तो म्हणाला.

गुरुवार, २६ मे

घाटी दवाखान्यात कान तपासले होते, आज यंत्रं मिळाली. तिथली डॉक्टर पोरगी मास्क लावून बोलत होती, मी नुसता मान डोलवत होतो. ती हसली, मास्क खाली केला आणि परत पहिल्यापासून सांगितलं. बारीक, उंच आवाज गेलेत, जाड राहिलेत. मशीनशेजारच्या नोकरीनं होतं असं. लाल ठिपक्याचं उजव्या कानात, निळ्याचं डाव्यात.

घरी आलो, लावली, गच्चीवर गेलो.

पाखरं कुठंच गेलेली नाहीत. लिंबावर ही गर्दी, मडक्याच्या काठावर भांडणं चाललेली. साळुंक्या असाव्यात. अत्यंत कर्कश आहेत. अर्धा तास तिथंच उभा होतो. ऊन लागलं म्हणून डोळ्यांतून पाणी आलं.

खाली आलो तर रत्नमाला ओट्याशी पाठमोरी पुटपुटत होती. ती वर्षानुवर्षं काय पुटपुटते ते आज पहिल्यांदा कळलं. सगळं माझ्याबद्दल आहे. बरंचसं खरं आहे. मी "हो" म्हणालो तशी तिच्या हातातून उलथनं पडलं, आणि तेही ऐकू आलं.

संध्याकाळी गोकुळ आला. यंत्रं हातात घेऊन उलटीपालटी केली. "तुम्ही घोळ घालणार दाजी, हे ठिपके तुम्हाला चष्म्याशिवाय दिसायचे नाहीत," म्हणाला आणि खिशातून लेबलांची पट्टी काढून दोन्हींवर बारीक अक्षरात लिहून चिकटवलं. एकावर "डा", एकावर "उ". फार समाधानानं गेला.

तो गेल्यावर चष्मा लावून बघितलं. लाल ठिपक्यावर "डा" आणि निळ्यावर "उ".

दोन्ही लेबलं हळूच काढली, अदलाबदल करून लावली, कडा नखानं नीट दाबल्या. त्याला सांगितलं नाही.